व्हॉट्सॲप बिझनेसवर हापूस विकतेय, त्या ॲपचा रिव्ह्यू (एजन्सी न लावता)

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट आहे, मराठीत चालतं, आणि असलेलं गिऱ्हाईक सांभाळायला एक नंबर आहे. पण नवीन गिऱ्हाईक आणायला त्याचा काडीचा उपयोग नाही. ते "घरबसल्या व्हॉट्सॲपवरून लाखोंची कमाई" छाप व्हिडिओ बघून डाउनलोड करणार असाल तर खुशाल करा, मग माझ्या नावाने शंख करू नका.

आमची देवगड तालुक्यात बाग आहे. हापूस, थोडा पायरी, बांधावर रायवळ (कोयीपासून उगवलेला गावठी आंबा). पूर्वी सगळा माल वाशी मार्केटला जायचा, पेट्या भरायच्या, गाडीत चढवायच्या आणि पट्टी येईपर्यंत वाट बघायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पट्टी म्हणजे दलालाकडून येणारा हिशोब. त्यात हमाली, भाडं, बाकीची कापाकापी होऊन खाली जो आकडा उरतो तो आपला. भाव काय लागला ते तेव्हाच कळतं. आता बराचसा माल थेट घरगुती गिऱ्हाइकाला जातो आणि तो सगळा कारभार एका फोनवर चालतो, तो फोन माझ्याकडे. सगळाच माल असा जातो म्हणून कोणी सांगत असेल तर ती थाप आहे बरं का, कारण एप्रिलअखेर उष्मा वाढला की फळ एकदम तयार होतं आणि तेव्हा एकेक पेटी चॅटवर विकत बसायला वेळ कुणाला असतो, तेव्हा वाशीच लागते.

एजन्सी का नाही लावली असं बरेच जण विचारतात. एका एजन्सीशी बोलणं झालं होतं, नाव कशाला घ्या. महिन्याला अमुक पोस्ट, तमुक रील, "ब्रँड स्टोरी" वगैरे. सॅम्पल म्हणून एक पोस्टर पाठवलं. त्यावरचा आंबा एका गालावर लालभडक. सासऱ्यांना दाखवलं तर चष्मा पुसून परत बघितलं आणि म्हणाले, "ह्यो आंबो खंयचो गो? आमच्याकडचो नाय ह्यो." इंटरनेटवरून उचललेला कुठल्यातरी परदेशी आंब्याचा फोटो होता तो. तयार हापूस कसा दिसतो हे ज्यांना माहीत नाही ते माझा हापूस काय विकणार? वर करार बारा महिन्यांचा आणि आमचा धंदा मार्च ते मे. जूनपासून पुढे त्यांनी माझ्या कुठल्या आंब्याच्या रील केल्या असत्या देव जाणे.

तर आता ॲपकडे.

पहिली गोष्ट, वेगळं सिमकार्ड घ्या. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही, त्यामुळे घरचा नंबर दिलात तर मामेबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो आणि "ताई दर काय" एकाच ठिकाणी येऊन पडणार. दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही ॲप शेजारी शेजारी आरामात चालतात. प्रोफाइलमध्ये पत्ता, वेळ, दोन ओळी माहिती, एवढं भरलं की झालं, त्यात काही रॉकेट सायन्स नाही. वेळ मात्र खरी टाका. मी संध्याकाळी सात ते नऊ टाकलीय कारण दिवसभर काढणी, प्रतवारी, भरणं यात फोन हातात धरायलाही चीक लागलेले हात असतात, आणि उरलेल्या वेळात आपोआप जाणारा अवे मेसेज सांगतो की रात्री उत्तर मिळेल. लोक थांबतात हो. तासाभरात उत्तर नाही दिलं तर गिऱ्हाईक गेलं वगैरे आंब्यात तरी चालत नाही.

या ॲपमधली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे लेबल. वीस लेबलं करता येतात, रंगीत. त्यांनी आधीच काही दिलेली असतात, ती नावं मी बदलली आणि माझी ठेवली: दर विचारला, पैसे आले, पेटी भरली, गाडीत गेली, पोचली, आणि एक लाल लेबल, साका (आतून खराब निघालेलं फळ, त्याचं पुढे सांगते). रात्री जेवणं झाली की "पैसे आले" वर टिचकी मारायची, फक्त तेवढेच चॅट समोर येतात, त्यांची यादी कागदावर उतरवायची आणि तो कागद खळ्यात खिळ्याला अडकवायचा, सकाळी पेट्या भरणारे तो बघून भरतात. पेटीवर नाव पडलं की माझं लेबल बदलायचं. आधी हे सगळं वहीत होतं आणि ऐन सीझनला वहीवर आंब्याचा चीक सांडून जोशी पुणे आणि जोशी ठाणे एकमेकांना चिकटलेले असायचे. फक्त या लेबलांसाठी मी ॲपला साडेचार स्टार द्यायला तयार आहे.

दुसरं, क्विक रिप्लाय. तेच तेच उत्तर एकदा लिहून ठेवायचं, मग चॅटमध्ये स्लॅश टाकला की यादी येते, बोट ठेवलं की गेलं. पन्नासपर्यंत ठेवता येतात, मला सात-आठच पुरतात. माझा सगळ्यात जास्त जाणारा असा आहे, हवा तर उचला:

"पेटी मिळाली की लगेच उघडा, बंद ठेवू नका. फळं चौदा आणे तयार असताना काढलेली आहेत, हिरवी दिसतील, घाबरू नका. पेंढ्यातच एका थरात मांडा, देठ वर, वरून पेंढा. फ्रिजमध्ये कच्चं फळ अजिबात नको. रोज एकदा हात फिरवा, पिवळं झालेलं आणि वास सुटलेलं आधी खा. खाण्याआधी तासभर पाण्यात ठेवा."

हा मेसेज पेटी निघायच्या दिवशी पाठवायला लागल्यापासून "आंबे कच्चे पाठवलेत" हे फोन जवळजवळ बंद झाले. शहरातल्या माणसाला दुकानातला पिवळाधमक आंबा बघायची सवय असते, त्याला अढीत (पेंढ्यात रचून ठेवून) पिकणारं फळ बघून फसवल्यासारखं वाटतं, त्यात त्याचा दोष नाही. पण आधी सांगितलं की ती माहिती वाटते आणि नंतर सांगितलं की सबब, एवढाच काय तो फरक.

पहिल्या मेसेजला आपोआप जाणारा ग्रीटिंग मेसेज मात्र जपून लावा. चौदा दिवस बोलणं झालं नसेल तरी तो परत जातो. आता आमचं गिऱ्हाईक मे मध्ये जातं ते पुढच्या मार्चमध्ये उगवतं, म्हणजे ज्या काकू माझ्या सासूबाईंना लग्नाआधीपासून ओळखतात त्यांना ॲप म्हणणार "नमस्कार, आमच्या बागेत आपलं स्वागत आहे, आपली काय मदत करू?" काकू म्हणणार, काय गं विसरलीस होय. सेटिंगमध्ये जाऊन "ॲड्रेस बुकमध्ये नसलेल्यांनाच" हा पर्याय निवडा. हे कुणी सांगत नाही.

कॅटलॉगमध्ये पाचशे वस्तू टाकता येतात म्हणे, माझ्या सहा आहेत. हापूसचे वजनाप्रमाणे तीन प्रकार, पायरी, आणि सीझन संपता संपता आमरस न् आंबापोळी. इथे एक भांडण आहे माझं, ॲपशी नाही, आपल्याच लोकांशी. किंमत लिहा हो! "दरासाठी मेसेज करा" म्हणजे काय? साडीवाल्या, लाडूवाल्या, आंबेवाले सगळे तेच. समोरचा माणूस रात्री अकरा वाजता सहा जणांना विचारत बसणार नाही, जिथे आकडा दिसतो तिथे थांबेल. आमचा दर आठवड्याला बदलतो, सुरुवातीला चढा असतो, एप्रिलच्या मध्यावर उतरतो, मी दर रविवारी कॅटलॉगमध्ये बदलते, पाच मिनिटांचं काम. जास्त वाटला तर तो माणूस आधीच निघून जातो, त्यात दोघांचाही वेळ वाचतो. आणि वजन लिहा. नुसतं "मोठा, मध्यम, छोटा" नको, २५० ते ३०० ग्रॅम असं लिहा, कारण पुण्यातला मोठा आणि आमच्याकडचा मोठा यात फरक असतो.

आता ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवणं, ज्याच्यासाठी निम्मे लोक हे ॲप घेतात. एका यादीत जास्तीत जास्त २५६ जण. आणि मेन गोम अशी, की मेसेज त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. तुम्ही त्यांचा केलाय याला काही अर्थ नाही. म्हणजे कुठूनतरी हजार नंबर मिळवले आणि मारले मेसेज, असं होत नाही, आणि बाहेरची बल्क मेसेजवाली ॲपं जोडून तसं करायला गेलात तर नंबरच बंद पडू शकतो, लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट केलं की झालंच. मला विचाराल तर ही अट चांगली आहे. जे कोणी तुमचा नंबर सेव्ह करायचे कष्ट घेतं तेच तुमचं गिऱ्हाईक, बाकी सगळी गर्दी. आम्ही पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापील चिठ्ठी लावतो, "पुढच्या वर्षीचा पहिला आंबा कधी निघेल ते कळायला हा नंबर सेव्ह करा", खाली क्यूआर. पेटी उघडताना माणूस खुशीत असतो, तेव्हाच सेव्ह होतो तो नंबर.

याद्या शहराप्रमाणे ठेवा. पुणे, ठाणे-डोंबिवली, नाशिक अशा माझ्या आहेत, कारण गाडी ज्या वारी जिकडे जाते तिकडच्यांनाच सांगायचं असतं. मेसेज छोटा: "गुरुवारी रात्री पुण्याची गाडी. २५० ग्रॅमच्या वरचा माल चांगला निघालाय. बुधवार संध्याकाळपर्यंत सांगा." बास. आंब्याच्या इमोजींची माळ नको, "फळांचा राजा" नको. ग्रुप मात्र काढू नका, कृपा करा. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, कोणीतरी गुड मॉर्निंग टाकतं, कोणीतरी राजकारण, आणि एकाच्या पेटीत दोन डागी निघाले की बाकीचे सगळे आपापली पेटी उलथून बघतात.

स्टेटसबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ते फक्त सीझनमध्ये टाकून उपयोग नाही. डिसेंबर-जानेवारीत मोहोर आला की मोहोर दाखवा, तुडतुडे (मोहोरावरची कीड) पडले तर तेही, ढगाळ हवेने मोहोर काळा पडला तर तेही दाखवा. गेल्या काही वर्षांत अवकाळीने काय चालवलंय ते सगळ्यांना माहीत आहे, पण झाडाखाली पडलेला सुपारीएवढ्या कैऱ्यांचा सडा पाहिलेल्या माणसाला एप्रिलमध्ये दर का चढा आहे ते समजावून सांगावं लागत नाही. कॅनव्हावर मी पण पोस्टरं करून बघितली, तिथे मुक्ता, बलू असे देवनागरी फॉन्ट आहेत, जोडाक्षरं नीट येतात, दिसायला देखणी झाली. त्यावर दोन अंगठे. आणि सासरे शिडीवर चढून झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट फळ उतरवतायत, मी खालून हलत्या हाताने काढलेला, मागे कुत्रा भुंकतोय असा व्हिडिओ, त्यावर "वहिनी दोन पेट्या आमच्या" असे मेसेज. देठ ठेवून का काढतात असंही चार जणांनी विचारलं. चीक सालीवर ओघळला की डाग पडतो म्हणून. हे सगळं एजन्सीच्या लाल गालाच्या आंब्यात कुठून येणार.

साक्याचं पण इथेच सांगते. हापूसला साका होतो, आतला गर पांढरट, स्पंजसारखा, आंबट. वरून फळ देखणं, कापल्याशिवाय कळत नाही, आम्हालाही नाही. तर गिऱ्हाईक कापलेल्या फळाचा फोटो पाठवतं, मी लाल लेबल लावते, जितकी फळं तितकी पुढच्या पेटीत जास्त किंवा पैसे परत. वाद घालत नाही. चॅटमध्ये सगळं तारखेसकट राहतं, पुढच्या वर्षी तोच माणूस आला की वर सरकवून बघायचं आणि आपणहून म्हणायचं, गेल्या वर्षी तुमची चार फळं गेली होती ना. त्याला पेटी मिळाल्याचा जेवढा आनंद होत नाही तेवढा याचा होतो.

मग नवीन गिऱ्हाईक येतं कुठून? दोन ठिकाणाहून. एक म्हणजे सोसायट्या. कोथरूडच्या एका सोसायटीत एक काका आहेत, ते दरवर्षी आपल्या विंगची ऑर्डर गोळा करून देतात, बदल्यात काही घेत नाहीत, आम्ही बळेच एक डझन जास्त घालतो. ते ब्रॉडकास्ट मेसेज जसाच्या तसा त्यांच्या ग्रुपवर टाकतात, म्हणून मेसेजच्या शेवटी डब्ल्यूए डॉट मीवाली लिंक असलीच पाहिजे, ती दाबली की नंबर सेव्ह न करता थेट चॅट उघडतो.

दुसरं, गूगल बिझनेस प्रोफाइल. पूर्वी याला गूगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदललं. हेही फुकट. व्हेरिफिकेशनला हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, रस्त्यापासून फाटक, बोर्ड, आतलं काम असं एका दमात शूट करून द्यायचं. कंटाळवाणं आहे पण एकदाच. त्यानंतर मॅपवर बाग दिसते, फोटो दिसतात, लोकांचे रिव्ह्यू दिसतात, आणि "देवगड हापूस थेट बागेतून" असलं काही शोधणाऱ्याला आपण सापडायची शक्यता असते. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. आणि वाईट रिव्ह्यू आला तर उत्तर द्या, नुसते पाच-पाच स्टार बघून लोकांना संशयच येतो.

संशयाचं तर आमच्या धंद्यात विचारूच नका. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत घालून विकणं हे वर्षानुवर्षं चालू आहे. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे त्यात आहेत, आणि २०२५ च्या सीझनला देवगडच्या आंबा उत्पादकांच्या संस्थेने फळावर लावायची युनिक नंबरची स्टिकरंही आणली. पण फोनवर पैसे आधी मागणारी अनोळखी बाई खरी की खोटी हे गिऱ्हाइकाने कसं ओळखायचं? ॲप इथे काही मदत करत नाही. चॅटच्या वर "बिझनेस अकाउंट" लिहून येतं त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही ते ॲप डाउनलोड केलंय, ते चोरालाही करता येतं. नावापुढे निळी टिक हवी तर महिन्याला पैसे मोजा. मी नवीन माणसाला सरळ म्हणते, व्हिडिओ कॉल करा, बाग बघा, फळ बघा, मग पैसे पाठवा. त्यात एक गंमत अशी होते की कॉल लागला की हमखास विचारतात, "मालक आहेत का?" मालक मागे झाडावर असतात, ते तिथूनच ओरडतात, "तिकाच इचारा!"

खटकणाऱ्या गोष्टी. ॲपमध्ये जिकडेतिकडे जाहिरात करा, जाहिरात करा असं बटण पुढे येत राहतं, फेसबुक-इन्स्टावर पैसे लावायला. मी लावले नाहीत, सहा झाडांचा जास्तीचा माल खपवायला जाहिरात कशाला. आकडेवारी म्हणून जे दाखवतात ते म्हणजे किती मेसेज गेले, किती पोचले, किती वाचले, यातून किती पेट्या विकल्या ते काही कळत नाही, त्याला वही लागतेच. अँड्रॉइडवर बॅकअप गूगल ड्राइव्हमध्ये जातो आणि तो आता तुमच्या फुकटच्या १५ जीबीतच मोजला जातो, गिऱ्हाइकांचे फोटो-व्हिडिओ धरून ते मे महिन्यातच भरतं, तेव्हा बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. आणि सहा अंकी पिनवालं टू स्टेप व्हेरिफिकेशन पहिल्याच दिवशी चालू करा, कोणी ओटीपी मागून नंबर पळवला तर सगळं गिऱ्हाईक त्याच्या हातात.

एकूण स्टार म्हणाल तर हिशोबाला साडेचार, जाहिरातीला दीड.

जे सीझनचा धंदा करतात, आंबा, दिवाळीचा फराळ, गणपतीच्या मूर्ती, त्यांनी एवढं लक्षात ठेवा. सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि नंबर पुढे दुसऱ्या कुणाला तरी जातो. व्हॉट्सॲपचं अकाउंटही १२० दिवस उघडलं नाही तर डिलीट होतं. म्हणजे मे मध्ये फोन कपाटात ठेवून थेट डिसेंबरात काढलात तर गिऱ्हाईक, लेबलं, चॅट, पेटीच्या झाकणावर छापलेला नंबर, सगळं गेलं. सगळ्यात छोटं रिचार्ज मारत राहा आणि आठवड्यातून एकदा ॲप उघडा. मी पावसाळ्यात त्याच नंबरवरून कोकमं आणि तळलेले फणसाचे गरे विकते, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही, यंदा आगळ (कोकमाचा खारवलेला रस) पण आहे.